जोखमीच्या गटांतले लैंगिक संसर्ग : पुण्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बुधवार पेठेतली देहविक्रीची गल्ली, निगडीची ट्रान्सपोर्टनगरी, हिंजवडीकडचे मजुरांचे कॅम्प, कॉलेजातली व्याख्यानं. जागा बदलते, प्रश्न तेच येतात. काही जण सगळ्यांसमोर विचारतात, काही कार्यक्रम संपल्यावर दाराशी थांबून. दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे घेतले आहेत.

जोखमीचा गट नक्की कुणाला म्हणायचं?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात चार गट मुख्य धरतात: देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी आणि सुईने नशा करणारे. लांब पल्ल्याचे ट्रकचालक आणि बायकापोरं गावी ठेवून शहरात आलेले कामगार यांची वेगळी नोंद होते, कारण संसर्ग एखाद्या गटातून घरापर्यंत पोचतो तो बऱ्याचदा त्यांच्यामार्फत. कारागृहातल्या बंद्यांचीही आता स्वतंत्र पाहणी होते.

जोखीम ठरते ती परिस्थितीवरून. जोडीदार किती, कंडोमचा आग्रह धरायची ताकद आहे का, गिऱ्हाईक दारू पिऊन आलंय का, पोलिसांच्या भीतीने घाईघाईत अंधारात उरकावं लागतंय का, आणि त्रास झालाच तर अपमान न होता औषध मिळतं का. या पाच गोष्टी बदलल्या की त्याच माणसाची जोखीम बदलते. म्हणून 'अमुक गट म्हणजे रोग' असं कुणी म्हटलं की मी तिथेच थांबवतो.

आज प्रमाण किती आहे? नेमका आकडा सांगा.

देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे, म्हणजे हजारात दोघं. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत गर्भवती स्त्रियांमध्ये ते ०.२२ टक्के निघालं. त्याच पाहणीत देहविक्री करणाऱ्या स्त्रियांमध्ये १.८५, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ३.२६, तृतीयपंथीयांमध्ये ३.७८ आणि सुईने नशा करणाऱ्यांमध्ये ९.०३ टक्के आढळलं. ट्रकचालकांमध्ये १ टक्का, एकट्याने राहणाऱ्या स्थलांतरित पुरुषांमध्ये ०.८५ टक्के, बंद्यांमध्ये १.९३ टक्के.

हे सगळे आकडे देशाचे आहेत, पुण्याचे नाहीत. ९ टक्के वाचून पुण्यातल्या नशा करणाऱ्या पोरांवर तो शिक्का मारू नका. त्या आकड्यात ईशान्येकडची राज्यं आणि पंजाब यांचा वाटा मोठा आहे. उलट, महाराष्ट्राला निवांत बसता येईल असंही नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सर्वांत मोठी संख्या आपल्याच राज्यात आहे.

आता १.८५ हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचा. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत तो नऊ पट आहे, त्यामुळे या स्त्रियांपर्यंत सेवा आधी पोचायला हवी. आणि शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींना एचआयव्ही नाही. वर्तमानपत्रात पहिलं वाक्य छापून येतं, दुसरं येत नाही, आणि त्याची किंमत गल्लीतल्या मुलीबाळींना शाळेत मोजावी लागते.

हे आकडे गोळा कसे करतात? विश्वास ठेवावा का?

ठरलेल्या केंद्रांवर ठरलेल्या काळात नमुने घेतात. जोखमीच्या गटाच्या केंद्रावर साधारण २५०, गर्भवतींच्या केंद्रावर ४००. प्रयोगशाळेकडे नमुन्याबरोबर नाव जात नाही, क्रमांक जातो. पद्धत वर्षानुवर्षं तीच असल्यामुळे प्रमाण वाढतंय की घटतंय, हे त्यातून चांगलं कळतं.

मर्यादा एकच, पण ती मोठी आहे. जोखमीच्या गटांचे नमुने त्यांच्यात काम करणाऱ्या संस्थांच्या यादीत असलेल्या लोकांचे असतात, म्हणजे ज्यांच्यापर्यंत कुणीतरी कंडोम, तपासणी, औषध घेऊन पोचलेलं आहे त्यांचे. जी बाई कात्रजच्या फ्लॅटमधून फोनवर गिऱ्हाईक घेते, जो मुलगा ॲपवर वेगळ्या नावाने भेटतो, जो लग्न झालेला माणूस महिन्यातून एकदा लोणावळ्याला 'मित्राबरोबर' जातो, ते कुठल्याच यादीत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की आज खरी काळजी यादीबाहेरच्यांची करायला हवी. बुधवार पेठ सगळ्यांना दिसते, म्हणून सगळे तिच्याकडेच बोट दाखवतात.

एचआयव्हीचे आकडे मिळतात. मग गरमी, परमा यांचे का मिळत नाहीत?

फार चांगला प्रश्न, आणि फार कमी लोक विचारतात.

गरमी म्हणजे सिफिलिस, याची रक्तचाचणी स्वस्त आहे, त्यामुळे तिची नोंद बऱ्यापैकी होते. परमा म्हणजे गोनोरिया आणि त्याचा भाऊ शोभेल असा क्लॅमिडिया, यांचं पक्कं निदान करायला जी जनुकीय चाचणी लागते ती महाग आहे आणि सरकारी ओपीडीत सहज होत नाही. म्हणून आपल्याकडे लक्षणांवरून उपचार करतात. लघवीच्या जागेतून पू येतोय, जखम आहे, पांढरं पाणी जातंय, ओटीपोट दुखतंय, अशा प्रत्येक तक्रारीसाठी रंग ठरवलेली औषधांची पाकिटं आहेत. परम्यासारख्या तक्रारीला करडं, अंगावरून जाण्याला हिरवं, जखमेला पांढरं, नागिणीच्या जातीतल्या हर्पीसच्या फोडांना लाल. डॉक्टर लक्षण बघतात, पाकीट देतात, रुग्ण त्याच दिवशी औषध सुरू करतो. पुन्हा यायला जमेल की नाही याची खात्री नसलेल्या माणसासाठी ही पद्धत मोलाची आहे.

पण लक्षणच नसेल तर? क्लॅमिडियाच्या बहुतेक स्त्रियांना काहीही जाणवत नाही. गोनोरियातही अर्ध्या किंवा त्याहून जास्त जणींची तीच गत. घशातला आणि गुदमार्गातला संसर्ग पुरुषांनाही सहसा कळत नाही, आणि लघवीच्या तपासणीत तो सापडत नाही. म्हणजे ज्यांना त्रास होतो तेच मोजले जातात. ओपीडीतला आकडा हा खऱ्या प्रमाणाचा तुकडा असतो.

जगाचा अंदाज हवा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साठी दिलेला आहे: १५ ते ४९ वयात बऱ्या होऊ शकणाऱ्या चार संसर्गांच्या मिळून ३७ कोटी ४० लाख नव्या लागणी. त्यात ट्रायकोमोनास (एका सूक्ष्म परजीवीचा संसर्ग) १५ कोटी ६० लाख, क्लॅमिडिया १२ कोटी ९० लाख, गोनोरिया ८ कोटी २० लाख, सिफिलिस ७१ लाख. रोजच्या हिशेबात दहा लाखांहून जास्त. चारही आजार औषधाने बरे होतात.

पूर्वी पुण्यात परिस्थिती फार वाईट होती म्हणतात. खरं आहे?

खरं आहे, आणि पुणेकरांनी हा इतिहास विसरू नये.

भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, आपली 'नारी', १९९२ साली सुरू झाली. तिथल्या संशोधकांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या ५२५ देहविक्री करणाऱ्या होत्या. त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण ४९.९ टक्के निघालं, म्हणजे दर दोघींत एक. उरलेल्या ३९१ जणी देहविक्री करणाऱ्या नव्हत्या. त्यांच्यात बहुतेक संसारी बायका होत्या, आयुष्यात नवऱ्याखेरीज दुसरा पुरुष न पाहिलेल्या. त्यांच्यात प्रमाण १३.६ टक्के होतं. या अभ्यासाचे पहिले लेखक डॉ. रमण गंगाखेडकर. करोनाच्या काळात टीव्हीवरच्या पत्रकार परिषदांत आपण त्यांना रोज बघत होतो.

हा अभ्यास १९९७ साली छापून आला तेव्हा एक गोष्ट जगापुढे आली: कुठल्याही जोखमीच्या गटात नसलेल्या बाईला तिच्या घरातच, तिच्या लग्नातूनच लागण होत होती. तिच्याकडे कंडोम मागायची सोय नव्हती आणि नवऱ्याला विचारायची तर त्याहून नव्हती. आजही माझ्या मते या विषयातलं सगळ्यांत महत्त्वाचं पुणेरी संशोधन हेच.

मग प्रमाण इतकं खाली कसं आलं?

एका कारणाने नाही. कंडोम गल्लीत पोचला, गुप्तरोगाचे उपचार गल्लीत पोचले, १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी, औषधं मोफत मिळू लागली, आणि २०१७ पासून निदान झालं की लगेच औषध सुरू करायचं धोरण आलं. औषध नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला, की शरीरसंबंधातून लागण होत नाही. त्यामुळे उपचार हाच प्रतिबंधही झाला.

पण हे सगळं हातात घेऊन जिने चढल्या त्या तिथल्याच बायका. पुण्यात सहेली संघासारखी देहविक्री करणाऱ्या स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली. बाहेरून आलेल्या माणसाने 'कंडोम वापरा' सांगणं वेगळं आणि शेजारच्या खोलीतल्या ताईने 'अगं, जास्त पैसे देतो म्हणाला तरी नाही म्हण, आपण सगळ्या नाहीच म्हणणार आहोत' असं सांगणं वेगळं. सगळ्या घरांनी एकच नियम धरला, तर गिऱ्हाईक जाणार कुठे?

वेळेचंही तसंच. गल्लीतला दिवस दुपारी उजाडतो आणि सरकारी रुग्णालयातली केसपेपरची खिडकी सहसा तोवर बंद होत आलेली असते. तपासणी दुपारी, वस्तीत ठेवली की बायका येतात. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर, वीसेक मिनिटं थांबायचं. त्या वीस मिनिटांत चहा येतो, मुलांच्या शाळेचं निघतं, भाड्याचं निघतं, आणि 'परवापासून खाली जळजळतंय' हेही तेव्हाच निघतं. संस्थांच्या एचआयव्ही-प्रतिबंध प्रकल्पात नोंद असलेल्या व्यक्तीची दर तीन महिन्यांनी वैद्यकीय तपासणी आणि दर सहा महिन्यांनी एचआयव्ही व सिफिलिसची चाचणी व्हावी असा नियम आहे. सोसायटीत राहणाऱ्या किती जणांनी आयुष्यात एकदा तरी ही चाचणी केली असेल?

म्हणजे गल्ली बंद केली तर रोग संपेल का?

नाही. गल्ली बंद झाली की बाया शहरभर पांगतात, लॉजवर, हायवेवर, भाड्याच्या खोल्यांत. कंडोम देणारी ताई, ओळखीचा दवाखाना, एकमेकींचा आधार, सगळं तुटतं. काम चालूच राहतं, फक्त दिसेनासं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी देहविक्री करणाऱ्या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, त्यांना पोलिसांनी अपमानास्पद वागणूक देऊ नये आणि अत्याचार झालेल्या स्त्रीला वैद्यकीय मदत मिळावी, असे निर्देश दिले. आरोग्याच्या बाजूनेही तेच शहाणपणाचं आहे.

मला काहीच त्रास नाही. तरी तपासणी करू?

जोडीदार बदलला असेल, कंडोमशिवाय संबंध आला असेल किंवा जोडीदाराला काही निघालं असेल, तर हो. सिफिलिसची जखम दुखत नाही आणि आपोआप भरूनही येते. माणूस समजतो बरं झालं. आजार आत राहतो आणि वर्षांनी मेंदूवर, हृदयावर उठतो. गर्भवतीला असेल तर बाळ दगावू शकतं. वेळेत सापडला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने जातो.

संबंधानंतर किती दिवसांनी तपासायचं?

दुसऱ्या दिवशी केलेली चाचणी निगेटिव्ह आली तर तिला अर्थ नाही. परम्याची लक्षणं पुरुषांत साधारण आठवड्याच्या आत दिसतात. सिफिलिसची जखम सरासरी तीन आठवड्यांनी, कधी तीन महिन्यांनीही येते. एचआयव्हीची चाचणी महिना-दीड महिन्यात बऱ्याचदा उत्तर देते, पण पक्कं म्हणायला तीन महिन्यांनी पुन्हा करावी. पहिल्या पट्टीवर दोन रेषा आल्या म्हणजे निदान झालं असं नाही. वेगवेगळ्या किटवर तीन चाचण्या जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात.

काल रात्री कंडोम फाटला. आता?

वाचत बसू नका, डॉक्टरकडे निघा. एचआयव्ही रोखायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. जितक्या लवकर तितकी उपयोगी. लैंगिक अत्याचार झाला असेल तर कुठल्याही रुग्णालयाला, सरकारी असो की खासगी, उपचार मोफत द्यावेच लागतात. आधी पोलिसांत जा म्हणून परत पाठवायचा त्यांना अधिकार नाही.

मेडिकलमधून गोळी आणि मलम घेतलं तर चालेल का?

चालणार नाही. जांघेत खाज म्हणून लोक तीन औषधं मिसळलेली ट्यूब लावतात. त्यातल्या स्टिरॉइडने दोन दिवस आराम पडतो, मग गजकर्ण मांडीभर पसरतं आणि खरा आजार झाकला जातो. परम्याला पूर्वी सिप्रोफ्लॉक्सासिन चालायचं. आता जंतू त्याला दाद देत नाहीत, तरी ओळखीचा दुकानदार तेच देतो. एसटी स्टँडच्या मुतारीत ज्यांची पोस्टरं असतात त्या 'गुप्तरोग तज्ज्ञां'कडे तर अजिबात जाऊ नका. तिथे हजारो रुपये जातात आणि बहुतेकांना नसलेल्या 'धातू जाण्या'वर औषध मिळतं.

आणि औषध दोघांनी घ्यायचं. एकट्याने घेतलं तर आठवड्याने दुसऱ्याकडून परत येतं.

मी पुरुष आहे, मला पुरुष आवडतात. डॉक्टर काय म्हणतील या भीतीने जात नाही.

ही भीती खरी आहे. काही डॉक्टरांनी लोकांना उपदेश करून घालवलंय, हे आम्ही रोज ऐकतो. पण सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर दोन प्रौढांच्या संमतीने आलेला समलिंगी संबंध गुन्हा नाही, त्यामुळे खरं सांगितल्याने तुमच्यावर कायदेशीर काही येत नाही. आणि खरं सांगणं गरजेचं आहे: संबंध कसा होता हे डॉक्टरला कळलं नाही तर घसा आणि गुदमार्ग तपासायचा राहून जातो. एका डॉक्टरकडे जमलं नाही तर दुसऱ्याकडे जा, उपचार सोडू नका. रोज एक गोळी घेऊन एचआयव्ही टाळायचा उपाय, ज्याला प्रेप म्हणतात, त्याबद्दलही विचारा. तो डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि चाचणी करूनच सुरू करायचा असतो, आणि गरमी-परम्यापासून तो वाचवत नाही. तिथे कंडोमच.

माझे मिस्टर ट्रकवर आहेत. मी काय करू?

ताई, ट्रकवर आहेत म्हणजे काही झालंच असेल असं नाही. शंभर चालकांत एकाला एचआयव्ही सापडतो, नव्व्याण्णवांना नाही. पण पांढऱ्या पाण्याला वास येत असेल, रंग बदलला असेल, ओटीपोटात दुखत असेल, संबंधाच्या वेळी त्रास होत असेल, तर बायकांचं चालायचंच म्हणून अंगावर काढू नका. क्लॅमिडिया अंगावर काढल्याने गर्भनलिका बंद होतात आणि मग मूल होत नाही म्हणून बोल तुम्हालाच लागतो. तपासणीला एकट्या आलात तरी चालतं. मिस्टरांना कसं सांगायचं, हे समुपदेशक तुमच्याबरोबर बसून ठरवतात. तुम्हाला विचारल्याशिवाय घरी फोन जात नाही.

लस आहे का?

दोन आजारांवर आहे. हिपॅटायटिस बीची तीन डोसांत, पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. आणि एचपीव्हीची, जी गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवते. ती लहान वयात सर्वांत उपयोगी. हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बरा होतो आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे औषध मोफत आहे. सुईने नशा करणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं.

कामावर कळलं तर नोकरी जाईल का?

२०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी देण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निकाल उघड करता येत नाही, एचआयव्ही आहे म्हणून भेदभाव करता येत नाही. चाकणच्या कंत्राटदारालाही हे लागू आहे आणि घरमालकालाही. कुणी त्रास दिला तर कारण लेखी मागा.

पुण्यात कुठे जायचं? नाव सांगावं लागतं का?

ससून रुग्णालय, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम (यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय), या तिन्ही ठिकाणी चाचणीची आणि एआरटी उपचारांची सोय आहे. एचआयव्हीच्या चाचणीसाठी 'आयसीटीसी', म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्र, विचारा, गुप्तरोगाच्या तक्रारीसाठी 'सुरक्षा क्लिनिक'. समुपदेशन, चाचणी आणि औषधं मोफत असतात. नोंद ठेवावी लागते, पण ती गोपनीय असते आणि केंद्राबाहेर कुणाला दाखवता येत नाही. घराजवळ कुठलं केंद्र आहे हे १०९७ या मोफत क्रमांकावर कळतं. मराठीत बोला, समजतं.

जाताना आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या किंवा रिकामी पाकिटं घेऊन जा, पेनिसिलिनची कधी ॲलर्जी आली असेल तर आधी सांगा, गरोदर असाल किंवा पाळी चुकली असेल तर तेही. सिफिलिसचा उपचार पूर्वी झालेला असेल तर जुना रिपोर्ट जपून ठेवा. टीपीएचए ही सिफिलिसची रक्तचाचणी बरं झाल्यावरही जन्मभर पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि जुना कागद नसला की नवा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून उपचार सुरू करतो.